बारा महिन्यांची एक वही : घरखर्चाचे वार्षिक अंदाजपत्रक कसे मांडावे

जून महिन्यात ज्या घरांत पैशांची ओढाताण होते, त्या घरांचा मार्च किंवा एप्रिलचा जमाखर्च पाहिला तर तो बहुधा नीट जुळलेला असतो. दूध, भाजी, वीज, हप्ता हे सगळे पगारात बसलेले असते आणि वर थोडी रक्कमही उरलेली दिसते. मग शाळा उघडतात, फी भरावी लागते, गणवेश आणि रेनकोट घ्यावे लागतात, त्याच सुमारास घरपट्टीचे देयक येऊन पडते आणि दोन महिन्यांपूर्वी उरलेली ती रक्कम कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्याही घरी संसाराच्या पहिल्या काही वर्षांत हेच होत असे. एका वर्षी मुलाची फी क्रेडिट कार्डावर भरली आणि ती फेडता फेडता दिवाळी आली. मी तेव्हाही रोजचा खर्च वहीत लिहीत होते, बेरजाही चुकत नव्हत्या. चूक होती ती हिशेबाच्या मापात. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरातले मोठे खर्च वर्षातून एकदा येतात आणि आपण मात्र हिशेब महिन्याच्या मापाने करतो. म्हणून या लेखात वर्षाच्या पत्रकापासून सुरुवात केली आहे, आणि महिन्याचे पत्रक त्यातून काढले आहे.

पहिली पायरी : गेले वर्ष कागदावर आणणे

एक दोनशे पानी वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या बारा पानांवर एकेका महिन्याचे नाव लिहावे. मग बँकेचे पासबुक किंवा मोबाइलवरचा खातेउतारा, यूपीआयच्या व्यवहारांची यादी, विम्याच्या पावत्या आणि घरातल्या माणसांची आठवण या चौघांच्या आधारे गेल्या वर्षातले ते खर्च त्या त्या पानावर नोंदवावेत, जे दर महिन्याला होत नाहीत. या वेळी दूध आणि भाजी यांत शिरू नये. तिथे अडकल्यामुळेच बहुतेक वह्या तिसऱ्या दिवशी बंद पडतात.

आठवणीतून हमखास निसटणारे खर्च कोणते, हे मला अनुभवाने ठाऊक झाले आहे. दुचाकीचा विमा, चष्म्याचा नंबर बदलणे, सोसायटीने रंगकामासाठी मागितलेली जादा वर्गणी, गावच्या जत्रेची पट्टी, भाच्याच्या मुंजीचा आहेर, धोंड्याच्या महिन्यातले वाण, कामवाल्या मावशींचा दिवाळीचा बोनस, गॅसच्या शेगडीची दुरुस्ती. यांतला एकेक खर्च किरकोळ वाटतो, म्हणून तो कोणत्याच महिन्याच्या अंदाजात धरला जात नाही. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्याजवळ बसून यादी करावी, कारण सणवार आणि नात्यातली देणीघेणी त्यांना तोंडपाठ असतात.

पुढचे सगळे समजावे म्हणून एक नमुना घेऊ. नाशिकसारख्या शहरातले पाच माणसांचे कुटुंब आहे : नवरा, बायको, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई. त्याचा पगार हातात ४०,००० रुपये येतो, तिला शिकवण्यांतून १२,००० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याची मिळकत ५२,००० रुपये आहे. फ्लॅट स्वतःचा असून त्याचा हप्ता ११,५०० रुपये आहे. या कुटुंबाच्या वार्षिक खर्चांची यादी अशी झाली :

शाळेची फी, पुस्तके, गणवेश : ५६,००० रुपये
वर्षाचे धान्य, डाळी, तिखट-मसाला, पापड : २६,००० रुपये
आरोग्य विमा : २४,००० रुपये
दिवाळीचे कपडे, फराळ, भाऊबीज, बोनस : २२,००० रुपये
आयुर्विम्याचा हप्ता : १८,००० रुपये
लग्नकार्ये आणि आहेर : १२,००० रुपये
सुटीतला प्रवास आणि गावाकडची फेरी : १०,००० रुपये
घरातली दुरुस्ती : ९,००० रुपये
गौरी-गणपती : ८,००० रुपये
घरपट्टी आणि पाणीपट्टी : ७,००० रुपये
दुचाकीचा विमा आणि देखभाल : ६,००० रुपये

बेरीज १,९८,००० रुपये येते आणि तिला बाराने भागले की महिन्याला १६,५०० रुपये होतात.

दुसरी पायरी : उरलेले पैसे खरोखर कोणाचे आहेत ते पाहणे

आता या कुटुंबाचा दरमहा होणारा खर्च पाहू. सोसायटीची देखभाल १,५००, वीज १,३००, गॅस ९००, मोबाइल आणि इंटरनेट १,२००, दूध २,८००, भाजी-फळे ४,०००, तेल, साखर, चहा, साबण वगैरे वाणसामान ४,०००, पेट्रोल आणि रिक्षा २,५००, औषधे १,००० आणि सगळ्यांचा मिळून हातखर्च १,५०० रुपये. हे २०,७०० रुपये झाले. त्यात घराचा हप्ता मिळवला तर ३२,२०० रुपये होतात.

मिळकतीतून हे वजा केले की १९,८०० रुपये शिल्लक दिसतात. महिन्याचा हिशेब ठेवणारे कुटुंब इथेच थांबते. एवढे पैसे उरतात म्हटल्यावर नवा टीव्ही हप्त्यावर घ्यायला काय हरकत आहे, असे त्याला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु या १९,८०० पैकी १६,५०० रुपये शाळेचे, विमा कंपनीचे, महापालिकेचे, वाण्याचे आणि गणपती-दिवाळीचे आहेत. त्यांची तारीख फक्त पुढची आहे. या घराची खरी शिल्लक ३,३०० रुपये आहे. मी ज्या ज्या ओळखीच्या घरांत हे गणित मांडून दाखवले, त्या घरांत या दोन आकड्यांमधले अंतर पाहून काही क्षण कोणी बोलले नाही. हप्त्यावरच्या वस्तू, बाहेरचे जेवण आणि कार्डावरची खरेदी यांना नंतर जे नियम घालावे लागतात, ते सगळे या एका वजाबाकीतून आपोआप निघतात.

तिसरी पायरी : वर्षाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवणे

ही १६,५०० रुपयांची रक्कम पगाराच्या खात्यात पडून राहिली तर ती खर्च होणार, याबद्दल मला शंका नाही. म्हणून दुसरे बचत खाते उघडावे, शक्यतो पतिपत्नी दोघांच्या नावे. त्या खात्याला यूपीआय जोडू नये आणि त्याचे डेबिट कार्ड पाकिटात न ठेवता कपाटात ठेवावे. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम त्या खात्यात आपोआप वळती होईल अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. दोन्ही खाती एकाच बँकेत असतील तर हे काम सोपे होते.

हे पैसे भिशीत घालू नयेत. शेजारणींची चिठ्ठीची भिशी बचतीची सवय लावते, हे मला मान्य आहे आणि मीही अनेक वर्षे एका भिशीत होते; मात्र आपला नंबर कोणत्या महिन्यात लागेल हे तिथे आपल्या हातात नसते आणि शाळेच्या फीची तारीख तर ठरलेली असते. लिलावाच्या मोठ्या भिशीपासून तर दूरच राहावे. अशी भिशी, म्हणजे चिट फंड, चालवायची असेल तर १९८२ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते आणि गल्लीतल्या बहुतेक भिश्यांची ती नसते. एखाद्याने पैसे बुडवले तर हातात कागद नसतो.

सुरुवात कोणत्या महिन्यापासून करावी, हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण योजना टिकणार की मोडणार हे त्याच्यावर ठरते. माझे उत्तर आहे की दिवाळी संपल्यावर, डिसेंबरच्या पगारापासून सुरू करावे. नमुन्यातल्या कुटुंबाने डिसेंबरपासून जूनपर्यंत सात वेळा १६,५०० रुपये भरले तर १,१५,५०० रुपये जमतात. त्या अवधीत धान्याचे २६,०००, घरपट्टीचे ७,०००, फी आणि पुस्तकांचे ५६,०००, उन्हाळ्यातल्या लग्नांचे ८,००० आणि प्रवासाचे १०,००० असे १,०७,००० रुपये जातात आणि जूनअखेर ८,५०० रुपये हातात राहतात. पुढे जुलै आणि ऑगस्टची भर पडून ४१,५०० होतात, त्यातून आरोग्य विम्याचे २४,००० भरले की १७,५०० उरतात. सप्टेंबरची भर घालून गणपतीचे ८,००० काढल्यावर २६,०००, ऑक्टोबरची भर घालून दिवाळीचे २२,००० काढल्यावर २०,५०० आणि नोव्हेंबरची भर घालून आयुर्विम्याचे १८,००० दिल्यावर १९,००० रुपये राहतात. दुचाकी, दुरुस्ती आणि उरलेले आहेर यांचे मिळून नेमके १९,००० होतात. वर्ष पुरते पार पडते.

हीच योजना एप्रिलमध्ये सुरू केली असती तर जूनअखेर फक्त ४९,५०० रुपये जमले असते आणि एकट्या फीलाच ते अपुरे पडले असते. ज्यांना वर्षाच्या मध्येच सुरुवात करावी लागेल, त्यांनी त्या पहिल्या वर्षापुरता सुटीतला प्रवास वगळावा आणि शाळेत फी दोन-तीन हप्त्यांत भरण्याची सवलत आहे का याची चौकशी करावी. बऱ्याच शाळा ती देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. आपल्या विम्यांच्या आणि करांच्या तारखा वेगळ्या असतील, म्हणून अशी चढती-उतरती शिल्लक प्रत्येकाने आपल्या वहीत स्वतः मांडावी. ज्या महिन्यात ती शून्याखाली जाईल, तो महिना आधीच कळणे महत्त्वाचे असते.

पैसे आधीच तयार असण्याचा एक प्रत्यक्ष फायदाही होतो. राज्यातल्या अनेक महापालिका घरपट्टी मुदतीआधी एकरकमी भरणाऱ्यांना सवलत देतात, आणि अनेक विमा योजनांत मासिक हप्त्यांपेक्षा वर्षाचा एकच हप्ता स्वस्त पडतो.

चौथी पायरी : धान्याची बेगमी

वाणसामानाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण काटकसरीच्या बहुतेक सल्ल्यांमध्ये याच विषयावर घाईने बोलले जाते. वर्षाचे धान्य एकदम भरण्याची आपली पद्धत चांगली आहे, परंतु सगळे धान्य एकाच वेळी भरणे हिशेबाच्या दृष्टीने आणि प्रतीच्या दृष्टीनेही चुकीचे ठरते. प्रत्येक पिकाची बाजारात येण्याची वेळ वेगळी असते. मावळातला नवा इंद्रायणी किंवा आंबेमोहोर दिवाळीनंतर येऊ लागतो. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि तिची डाळ त्याच्या मागोमाग. ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, लाल मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये. आवक भरपूर असताना दर साधारणपणे उतरलेले असतात. त्यामुळे २६,००० रुपयांची ही खरेदी डिसेंबर ते मे अशी पसरवली तर एकाच महिन्यावर भार पडत नाही आणि प्रत्येक जिन्नस त्याच्या हंगामात मिळतो.

किती भरावे हे अंदाजाने ठरवू नये. दोन महिने पिठाचा आणि तांदळाचा डबा भरताना तारीख आणि वजन वहीत टिपून ठेवावे, म्हणजे आपल्या घराचे प्रमाण कळते. रोज दोन वेळा पोळ्या होणाऱ्या पाच जणांच्या घराला महिन्याला दहा किलोच्या आसपास गहू लागतो, म्हणजे वर्षाला एक क्विंटल आणि वर वीस किलो. पण ज्या घरात मुले डबा नेत नाहीत किंवा रात्री भातच होतो, तिथे हे प्रमाण बरेच वेगळे असते. नेहमीपेक्षा जास्त भरलेले धान्य शेवटी किड्यांच्या वाट्याला जाते आणि स्वस्तात घेतल्याचा फायदा तिथेच संपतो.

साठवणीचे नियम जुनेच आहेत आणि ते काटेकोरपणे पाळावेत. गव्हाला चांगले ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावा, कारण गरम धान्य भरले तर झाकणाखाली दमटपणा धरतो. तांदळाला कडक ऊन देऊ नये. दाण्याला तडे जातात आणि कणी वाढते. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला कोठीच्या तळाशी, मध्ये आणि वर घालावा. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हलका हात लावण्याची पद्धत उपयोगी पडते, मात्र शिजवण्यापूर्वी ती डाळ गरम पाण्याने धुवावी. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. खाण्याच्या धान्यात ती घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत, लहान जागेत राहणाऱ्यांनी वर्षाचे धान्य भरण्याचा आग्रह धरू नये. त्यांनी चार महिन्यांचे भरावे आणि पावसाळ्यापूर्वी एकदा सगळे डबे उघडून पाहावेत.

महिन्याला आणायच्या ४,००० रुपयांच्या सामानात बचत होते ती वजन वाचण्याने. तेलाच्या दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर त्या सारख्याच दिसतात, पण एकीत ९१० ग्रॅम आणि दुसरीत त्याहून बरेच कमी तेल असू शकते. आता बहुतेक पाकीटबंद मालावर छापील किमतीबरोबर प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर असा दर छापणे बंधनकारक आहे. तुलना नेहमी त्या दराची करावी. मोठे पाकीट स्वस्तच असते असे नाही, आणि ‘एकावर एक’ मिळणारी वस्तू घरात लागत नसेल तर ती फुकट मिळूनही महाग पडते. यादी घरी करावी, कोठीसमोर उभे राहून, आणि ती महिन्यातून दोनदाच करावी. दहा मिनिटांत सामान घरपोच आणून देणारी ॲप मोबाइलमधून काढून टाकल्यावर आमच्या घरचा किरकोळ खर्च पहिल्याच महिन्यात लक्षात येण्याइतका कमी झाला.

भाजीसाठी मी आजही रोख पैसे वापरते. दर सोमवारी नऊशे रुपये भाजीच्या पाकिटात ठेवते आणि आठवडाभर त्यातूनच भागवते. यूपीआयने वीस-चाळीस रुपये देताना पैसे गेल्याचे जाणवत नाही. पाकिटातली शंभराची शेवटची नोट मात्र गुरुवारीच दिसू लागते आणि मग शुक्रवारी आपसूकच मोड आलेली मटकी किंवा पिठले होते.

पाचवी पायरी : वीज, प्रवास आणि औषधे

महावितरणच्या घरगुती दरांत वापराचे टप्पे असतात : १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिल्या शंभर युनिटांपेक्षा पुढच्या युनिटांचा दर बराच जास्त असल्यामुळे बचत केलेले युनिट हे नेहमी वरच्या, महाग टप्प्यातले असते. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. असे तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ८१ युनिटे होतात. बीएलडीसी नावाच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट घेतो, म्हणून तेवढ्याच वापराला साडेबत्तीस युनिटेही लागत नाहीत. तीनही पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. जो सर्वाधिक तास चालतो तो आधी बदलावा आणि पैसे दुरुस्तीच्या रकमेतून घ्यावेत. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जाते, त्यामुळे सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

प्रवासात सवलती माहीत असाव्यात. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. वर्षातून चार वेळा गावी जाणाऱ्या कुटुंबाचा यात किती फरक पडतो, तो वहीत मांडून पाहावा. दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांसाठी, म्हणजे रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्यांसाठी, डॉक्टरांना मूळ औषधाचे नाव लिहून द्यायला सांगावे आणि जवळच्या जनऔषधी केंद्रात दर विचारावा. तिथे अनेक गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. गोळी बदलायची तर डॉक्टरांना दाखवूनच.

सहावी पायरी : महागडे कर्ज आधी फेडणे

कार्डावर थकबाकी असेल तर बाकीची सगळी बचत थांबवून ती आधी फेडावी. समजा २०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये, असे ८२६ रुपये झाले. किमान देय रक्कम म्हणून १,००० रुपये भरले तर मूळ कर्ज फक्त १७४ रुपयांनी कमी होते. शिवाय मागची बाकी असताना त्या कार्डावर केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. पूर्ण थकबाकी फेडता येत नसेल तर बँकेतली छोटी मुदत ठेव मोडून ती फेडणे शहाणपणाचे आहे. सात टक्के मिळवण्यासाठी चाळीस टक्के देत बसण्यात काहीच अर्थ नाही.

घराचे कर्ज बदलत्या व्याजदराचे असेल तर मुदतीपूर्वी परतफेडीसाठी बँक वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेऊ शकत नाही. नऊ टक्के दराच्या वीस वर्षांच्या कर्जात दर वर्षी एक जादा हप्ता भरत गेल्यास ते सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते. दिवाळीचा बोनस मिळणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा. जादा रक्कम भरताना, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी सांगावे.

सातवी पायरी : खऱ्या शिलकीचे काय करायचे

नमुन्यातल्या घराकडे ३,३०० रुपये होते. वाणसामानातून ६००, विजेतून ४००, पेट्रोलमधून ४००, भाजी-दुधातून ३०० आणि मोबाइलच्या योजना बदलून ३०० असे २,००० रुपये वाचले तर ते ५,३०० होतात. यातून पहिल्यांदा अडीअडचणीचा निधी उभारावा. हप्ता धरून महिन्याचा खर्च ३२,२०० आहे, तेव्हा तीन महिन्यांचे ९६,६०० रुपये लागतात आणि ते जमायला सुमारे दीड वर्ष लागते. हा अवधी मोठा वाटला तरी तो टाळू नये. नोकरी जाणे किंवा घरातले माणूस रुग्णालयात दाखल होणे यांना तोंड देण्यासाठी हीच रक्कम लागते, आणि ती नसली की दागिने गहाण पडतात. ती मुदत ठेवीत ठेवावी, पण एकाच मोठ्या ठेवीऐवजी पंचवीस-पंचवीस हजारांच्या ठेवी कराव्यात, म्हणजे गरजेपुरती एकच मोडता येते. त्याच बरोबर रेशनकार्ड आणि सर्वांची आधार कार्डे अद्ययावत करून एका पिशवीत ठेवावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घेण्याची वेळ आली तर ऐन वेळी हीच कागदपत्रे शोधावी लागतात.

ठेव कुठे ठेवावी याबाबत एक गोष्ट ठामपणे सांगते. बँकेतल्या ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे आणि त्या मर्यादेत मुद्दल व व्याज दोन्ही येतात. पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्यातल्या ठेवींना हे संरक्षण नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवलेली आणि नंतर फेऱ्या घालणारी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत.

निधी पूर्ण झाल्यावर लांब पल्ल्याच्या बचतीकडे वळावे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे खाते १५ वर्षांचे असते, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. व्याज महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते, म्हणून पैसे पाच तारखेपूर्वी भरावेत. मुलगी दहा वर्षांहून लहान असेल तर सुकन्या समृद्धी योजनेत वर्षाला किमान २५० रुपयांपासून खाते चालवता येते. त्यात १५ वर्षे भरणा करायचा असतो आणि खाते २१ वर्षांनी परिपक्व होते. केवळ कर वाचेल म्हणून यांत पैसे अडकवणाऱ्यांनी आपली करप्रणाली आधी तपासावी, कारण २०२३-२४ पासून, वेगळी निवड न केल्यास आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत कलम ८०सी ची, म्हणजे अशा बचतीवरची, वजावट मिळत नाही.

सोन्याबद्दल प्रत्येक घरात चर्चा होतेच. दागिना घेताना सोन्यावर ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ जाते आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. त्यामुळे अंगावर घालायचा असेल तर दागिना घ्यावा, पण त्याला बचत म्हणून वहीत लिहू नये. तो दिवाळीच्या किंवा लग्नकार्याच्या पानावर लिहावा. घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहावा आणि घडणावळ वेगळी दाखवलेले पक्के बिल मागावे.

आठवी पायरी : घरातल्यांबरोबर बसणे

हे पत्रक एका माणसाने गुपचूप चालवले तर ते टिकत नाही. महिन्यातून एकदा, पगाराच्या आधीच्या रविवारी, सगळ्यांनी अर्धा तास बसावे. सासूबाईंना देवधर्मासाठी आणि नातवंडांच्या खाऊसाठी त्यांची स्वतःची रक्कम द्यावी आणि तिचा हिशेब कोणी विचारू नये. दहा वर्षांवरच्या मुलांना त्यांच्या शाळेचे पान दाखवावे. आमच्या मुलीने एका वर्षी ते पान वाचून वरच्या वर्गातल्या मैत्रिणीची पुस्तके स्वतः मागून आणली आणि नव्या कोऱ्या पुस्तकांचा हट्ट सोडला. तिला कोणी काही सांगितले नव्हते.

या बैठकीत चार रुपयांचा मेळ लागत नाही म्हणून भांडू नये. शंभर-दोनशे रुपयांचा फरक ‘किरकोळ’ असे लिहून सोडून द्यावा. पाहायचे ते एवढेच की वर्षाच्या खात्यातली शिलक वहीत मांडलेल्या आकड्याच्या बरोबरीने चालली आहे की नाही. ती मागे पडली असेल तर कोणत्या पानामुळे, हे शोधावे आणि तो खर्च त्याच वेळी पुढच्या वर्षीच्या यादीत वाढवून लिहावा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर वही पुन्हा उघडताना जुनेच आकडे उतरवून काढू नयेत. शाळेची फी, आरोग्य विमा आणि धान्य यांचे चालू वर्षीचे खरे आकडे घ्यावेत आणि फीवाढीसाठी थोडी जास्त रक्कम धरावी. विमा कंपनीकडून नूतनीकरणाची नवी रक्कम आधीच विचारून घ्यावी. पगार वाढला असेल तर आधी या वाढीव खर्चांचा बारावा भाग बाजूला काढावा आणि मग उरलेली वाढ कशासाठी वापरायची ते ठरवावे. पहिल्या वर्षी वगळलेला प्रवास या वेळी मे महिन्याच्या पानावर लिहायला हरकत नाही.